काळा चिमटा

दुसऱ्यांच्या तोंडांचे साचे दिवसभर हाताळून मला किळस येत असेल, असं लोकांना वाटतं. पहिल्या महिन्यात आली होती, खोटं कशाला बोलू. दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची, त्यात कुणाच्या जेवणाचा कण अडकलेला असायचा, कुणाच्या रक्ताचा डाग. पुढे सवय झाली. आता मी एका हाताने माप धुते आणि दुसऱ्या हाताने चहा पिते. सवय झाली नाही ती एकाच गोष्टीची, दादाच्या फोनवरच्या आवाजाची. "हो हो डॉक्टर, उद्या ना? उद्या म्हणजे उद्या. तुम्ही काळजीच सोडा." तो गोड, लिबलिबीत आवाज कानावर पडला की मला हात धुवावेसे वाटतात. आणि तो दिवसभर पडतो.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. त्याची कवळ्या बनवण्याची कार्यशाळा आहे. खाली कार्यशाळा, वर आमचं घर, आणि वर आई. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप पाठवतात, आम्ही त्यावरून कवळी करून देतो. माझं काम मेणात दात लावायचं. प्लास्टरच्या साच्यावर मेणाच्या हिरड्या करायच्या आणि त्यात एकेक दात बसवायचा, पुढचे जरा वाकडे, कारण सरळ रेघेत लावले की माणूस घोड्यासारखा दिसतो. माझ्या हातून सुटलेलं काम हंडेकाकांकडे जातं. ते त्याला धातूच्या डब्यात बंद करतात, मेण वितळवून काढतात, त्या जागी गुलाबी लगदा दाबून भरतात आणि डबा हंड्यातल्या पाण्यात ठेवतात. पाणी सावकाश तापवायचं आणि सावकाशच निवू द्यायचं. घाई केली की कवळीत बुडबुडे धरतात, नाहीतर ती वाकते.

हंडा दिवसातून एकदाच लागतो आणि त्यात डबे मोजकेच मावतात. म्हणजे आमच्या धंद्यात खरा प्रश्न एकच. आज हंड्यात कुणाचं जाणार आणि कुणाचं थांबणार? ते मालकाने ठरवायचं. दादाने ते आयुष्यात कधी ठरवलं नाही.

त्यासाठी चिमटे होते. कपडे वाळत घालायचे साधे चिमटे. प्रत्येक काम आपापल्या ट्रेमध्ये असतं. वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत अशी की ज्याचं आज व्हायलाच हवं, त्या ट्रेच्या काठाला लाल चिमटा लावायचा. वडील चार लाल लावायचे आणि पाचव्या डॉक्टरला फोनवर सांगायचे, "आज होत नाही, परवा पाठवतो." डॉक्टर कुरकुरायचे आणि परवाची वाट बघायचे. वडील गेले आणि फोन दादाच्या हातात आला. एक फोन, एक "हो हो", एक लाल चिमटा. वर्षभरात सगळे ट्रे लाल झाले. मग अगदी तातडीच्या कामाला दोन लाल लागायला लागले, मग तीन. एका डॉक्टरीणबाईंचा ट्रे तर साळिंदरासारखा दिसायचा. दादा चिमट्यांचे नवे पुडके आणायचा आणि म्हणायचा, "धंदा वाढतोय." धंदा वाढत नव्हता, चिमटे वाढत होते.

हंडेकाकांनी यातून आपला मार्ग काढला होता. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांचा एक पिवळा चिमटा एकदा खाली कुणाच्या तरी ट्रेमध्ये पडला. काकांनी तोच ट्रे आधी उचलला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "ताई, सगळेच लाल म्हणजे कुणीच लाल नाही. मग मी वेगळं दिसेल ते आधी घेतो. कुठून तरी सुरुवात करायला नको का?" त्या डॉक्टरचा आभाराचा फोन आला. दादाने तो घेतला आणि दिवसभर स्वतःवर खूश होता.

मागच्या गल्लीत एका बाईंची अशीच कार्यशाळा आहे. लहानशी, एका खोलीतली. त्या डॉक्टरांना सरळ सांगतात, होणार नाही, अमुक दिवशी होईल. दादाने त्यांचं नाव नन्नाबाई ठेवलंय. "सदा नन्नाचा पाढा. बघच तू, वर्षभरात कुलूप लागेल," असं तो दरवर्षी म्हणतो.

आता आईचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलेलं होतं.

आई शाळेत मुख्याध्यापिका होती. मैदानाच्या त्या टोकाला कुणी मारामारी करत असेल तर ती व्हरांड्यातून फक्त नाव घ्यायची आणि मारामारी थांबायची. असा आवाज. मागच्या उन्हाळ्यात तिचे उरलेसुरले दात काढावे लागले. दादा तिच्याशेजारी बसून म्हणाला, "आई, कवळ्या बनवणाऱ्याची आई तू, तुला काय कमी? पंधरा दिवसांत लावतो." पंधरा दिवसांचं वर्ष झालं. आईचा ट्रे खालच्या फळीवर, आणि त्याला चिमटाच नाही. कारण काय, तर घरचं काम, केव्हाही होईल. घर की मुर्गी असली म्हणून तिने उपाशी मरायचं का?

मी माझं काम केलं होतं. तीनदा मेणात दात लावले. हंड्याची वाट बघत ट्रे पडून राहायचा, उकाड्याने मेण ढिलं व्हायचं, दात कलंडायचे, मी पुन्हा लावायची. वर आई कालवून, कुस्करून, पातळ करून गिळायची. तिचे गाल आत गेले. खिडकीत उभं राहणं तिने बंद केलं. कुणी आलं की ओठांवर हात ठेवून बोलायची आणि थोडंच बोलायची. वर्गाला गप्प बसवणारी बाई स्वतः गप्प बसली. मी दादाला म्हटलं की तो म्हणायचा, "अगं, करतोय ना." आणि आई मलाच गप्प करायची, "त्याच्यामागे किती व्याप आहेत. होईल."

मग शाळेतून बोलावणं आलं. जुन्या विद्यार्थ्यांनी रविवारी मेळावा ठरवला होता आणि बाईंनी चार शब्द बोलावेत असा त्यांचा आग्रह होता. आई आधी नको म्हणाली. दादा मध्येच बोलला, "हो म्हण गं. त्याच्या आत कवळी तुझ्या तोंडात असेल." आईने त्याच्याकडे बघितलं आणि फोनवर सांगितलं, "येते." तिने एकदा येते म्हटलं म्हणजे ती जाणार. त्यात बदल नाही. म्हणून माझा जीव टांगणीला लागला, दादाचा नाही.

त्याच आठवड्यात दादा शिबिराला गेला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवस, विषय असा की मालक माणसाने कोणतं काम आधी घ्यावं, कोणतं टाकावं आणि 'नाही' म्हणायला कसं शिकावं. शिकवणारे कुणी एक सर होते. दादा परत आला तो गळ्यात नावाची पट्टी आणि हातात काळ्या चिमट्यांची पिशवी घेऊन. आल्या आल्या त्याने सगळ्यांना गोळा केलं. हंडेकाका तेवढे हंड्यासमोर होते. पाणी तापत असताना ते जागचे हलत नाहीत.

"प्रत्येक 'हो' म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी न सांगता दिलेला नकार असतो," दादा म्हणाला. वाक्य चांगलं होतं. इतकं चांगलं की ते त्याच्या तोंडून ऐकताना मला शरम वाटली. "आजपासून ज्याला नाही म्हणायचं, त्याच्या ट्रेला काळा चिमटा. काळा म्हणजे बाजूला. मी स्वतः लावणार."

आणि तो काळा चिमटा घेऊन फळ्यांपुढून फिरायला लागला. एक ट्रे उचलला. "हे डॉक्टर वडिलांच्या वेळचे, यांना कसं नाही म्हणणार." ठेवला. दुसरा उचलला. "हे नवीन आहेत, तुटतील." तिसरा. "हे फार तापट." चौथा. "हे बिचारे फार भले, त्यांना वाईट वाटेल." आम्ही सगळे बघत होतो. एकही डॉक्टर त्याला असा सापडेना की ज्याला नाही म्हणता येईल. शेवटी तो खाली वाकला आणि आईच्या ट्रेला त्याने तो काळा चिमटा लावला.

मला वाटलं, मी चुकीचं बघतेय. मी म्हटलं, "दादा, तो आईचा ट्रे आहे. रविवारी कार्यक्रम आहे तिचा."

"माहीत आहे. पण सर म्हणाले, सुरुवात सोप्या माणसापासून करा. आई समजून घेते."

"म्हणून तिलाच?"

"तू लगेच भावनेवर जातेस. हेच शिकायचं असतं, प्राधान्य."

"शी," मी म्हटलं. चिमटा लावून झाल्यावर त्याच्या तोंडावर परीक्षेत पास झाल्यासारखं समाधान होतं. ते बघून मला आत जाऊन चूळ भरावीशी वाटली, आणि मी खरंच जाऊन भरली.

एक सांगायचं राहिलं. शिबिराहून दादा आणखी एक वस्तू घेऊन आला होता. खुद्द सरांचं माप. जेवणाच्या सुट्टीत सरांची पुढच्या तीन दातांची जुनी पट्टी हलते असं निघालं, आणि 'नाही' म्हणायला शिकायला गेलेला माझा भाऊ म्हणाला, "सर, मी देतो ना. शनिवारी तुमच्या हातात." ओळखीच्या एका डॉक्टरकडून त्याने लगोलग माप घेववलं आणि घरी आल्यावर सरांच्या ट्रेला चार लाल चिमटे लावले. मला गुरुवारी हातातलं सगळं टाकून सरांचे दात मेणात लावायला लागले. कसलं दळण दळतेय मी, असं वाटत होतं.

शुक्रवारी सकाळी मी खाली आले तेव्हा खालच्या फळीवर आईचा ट्रे रिकामा होता. काळा चिमटा तेवढा काठाला लटकलेला. मी हंडेकाकांकडे गेले.

"काका, आईचं काम कुठे गेलं?"

"हंड्यात," काका म्हणाले. "पहिलं तेच लावलं. मालकांनी नवा काळा चिमटा आणलाय, एकच लावलाय आणि तोही घरच्या कामाला. म्हटलं, फारच तातडीचं असणार."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग मला हसू फुटलं. कित्येक दिवसांनी त्या खोलीत मी पोट धरून हसले. काका बावरून गेले. "चुकलं का काही?"

"काही चुकलं नाही," मी म्हटलं. "दिवसभर कुणाला हात लावू देऊ नका."

सरांचं काम मागे राहिलं होतं, चार लाल चिमट्यांसकट, इतर सगळ्या लाल ट्रेंमध्ये. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही आणि जिना चढून वर गेले.

आई खिडकीपासून लांब, पलंगावर बसली होती. मी तिला सांगितलं, तुझी कवळी हंड्यात आहे, संध्याकाळी निवेल, उद्या घासून पुसून तोंडात. आई उठली, वरच्या फळीवरची भाजलेल्या शेंगदाण्यांची बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. वर्षभर ती बरणी आम्हीच खात होतो, ती बघत होती.

"दात होते तेव्हा चणे नव्हते," ती म्हणाली, "आता दोन्ही असतील." आणि हसली. ओठांवर हात ठेवूनच, पण हसली.

मग तिने रविवारचं भाषण मला म्हणून दाखवलं. लिहिलेलं काही नव्हतं, सगळं डोक्यात. एक मुलगा रोज उशिरा यायचा आणि रोज नवं कारण सांगायचा, त्याची हकीकत होती. दात नसल्यामुळे शब्द घसरत होते, पण मी डोळे मिटले की मला ते उद्याच्या आवाजात ऐकू येत होते. मी तिचे केस विंचरले, नेसायचे कपडे काढून ठेवले. बराच वेळ गेला. खाली दादाचा आवाज चढला, पण त्याचा आवाज फोनवर चढतोच, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

खाली आले तेव्हा आधी वास आला. अर्धवट शिजलेल्या त्या लगद्याला एक उग्र वास असतो, डोक्यात जाणारा. दादा मोरीपाशी उभा होता. नळ सोडलेला, वाफ निघतेय, आणि गार पाण्याखाली उघडा डबा. आईचा डबा. सरांचं काम हंड्यात नाही हे त्याला कळलं होतं. त्याला हंड्यातली जागाही हवी होती आणि डबाही, म्हणून त्याने तो गरम गरम बाहेर काढायला लावून उघडला होता.

मी कवळी हातात घेतली. हिरडीला चघळलेल्या च्युइंगगमसारखा मऊपणा होता. एका बाजूने ती वळली होती. पुढचा एक दात मी धरला, तो माझ्या बोटांत आला. साचा फुटला होता, म्हणजे आता पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि परवा रविवार.

"झाल्यातच जमा होती," दादा म्हणाला. "थोडी घासली की बसेल."

"कुत्र्याच्या तोंडात घालायची नाही ही."

"मग मी काय करू? सरांना शब्द दिलाय मी."

"आणि आईला?"

"आईला शब्द कुठे दिला होता? आईला नुसतं सांगितलं होतं."

हे तो चिडून बोलला नाही. अगदी सहज बोलला, जसं काही दोन वेगळी कपाटं असतात, एकात परक्यांना दिलेले शब्द आणि दुसऱ्यात घरच्यांना सांगितलेलं काहीबाही. मी हंडेकाकांकडे बघितलं. ते डबे उचलायची सांडशी पुसत खाली मान घालून उभे होते. "मालक म्हणाले काढा, म्हणून काढला," ते म्हणाले. आमच्याकडे सगळेच हो म्हणतात. दादा डॉक्टरांना, आणि आम्ही दादाला.

सरांचा डबा हंड्यात गेला. दादाने लगेच फोन लावला, हात ओले म्हणून टेबलावर ठेवूनच. त्यामुळे आम्हालाही ऐकू आलं.

"सर, तुमचं लावलं बरं का हंड्यात. बाकी सगळं बाजूला सारून. उद्या म्हणजे उद्या."

पलीकडून सरांचा आवाज आला, जेवता जेवता बोलावं तसा. "अहो, एवढी काय घाई होती? माझा पुढचा कार्यक्रम महिन्यानंतर आहे. तुम्हीच म्हणालात शनिवारी देतो, म्हणून मी म्हटलं, बरं."

दादाने आता कुठे हात पुसायला फडकं घेतलं.

"आणि काय म्हणता?" सर म्हणाले. "जमतंय का 'नाही' म्हणायला?"

"हो हो सर," दादा म्हणाला. "अगदी."

मी ती वाकडी कवळी त्याच्यासमोर टेबलावर ठेवली आणि वर गेले. इतकी शिसारी मला त्या मोरीतल्या कुठल्याही घाणीने आणली नव्हती. पाया पडून मागितलेल्या कामासाठी आईचा बळी गेला असता तर निदान कारण तरी होतं. इथे कुणी मागितलंच नव्हतं. वर्षभर आईने कुस्करून गिळलं ते डॉक्टरांच्या घाईपायी, असं मी समजत होते. त्यातल्या किती जणांना खरंच घाई होती आणि किती जणांना दादानेच ती वाढून दिली होती, कोण जाणे.

आईला मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिने मध्ये एकदाच विचारलं, "कुणासाठी काढली?" मी सांगितलं. तिने बरणीचं झाकण घट्ट केलं आणि ती पुन्हा वरच्या फळीवर ठेवली.

"रविवारचं मी कळवू का त्यांना, की तुला बरं नाही?" मी विचारलं.

"मला बरं आहे," आई म्हणाली. "आणि मी येते म्हटलंय."

रविवारी आम्ही तिघं गेलो. शाळेचा हॉल भरला होता. केस पिकलेले, पोटं सुटलेले लोक लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसले होते. आई उभी राहिली. सुरुवातीला हात सवयीने ओठांकडे गेला, मग तिने तो खाली घेतला आणि टेबलाची कड धरली. शब्द घसरत होते. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने कान पुढे केला. रोज उशिरा येणाऱ्या मुलाची हकीकत तिने सांगितली, लोक हसले, तिच्यावर नाही, हकिकतीवर. पण मी काही हसले नाही. माझ्या डोक्यात सारखा तो बरणीच्या झाकणाचा आवाज होता.

नंतर चहा होता. लोक बाईंच्या पाया पडत होते आणि दादा कपबशी घेऊन शेजारी. कुणीतरी त्याला विचारलं, तुम्ही काय करता. त्याने सांगितलं. लगेच एक बाई पुढे झाल्या. "अय्या, कवळ्या करता? माझ्या सासऱ्यांची करायची आहे हो. लवकर होईल का?"

"हो हो," दादा म्हणाला. तोच आवाज. "आठ दिवसांत. काळजीच सोडा."

त्या बाई खूश झाल्या. मग त्यांची नजर आईच्या तोंडाकडे गेली, तिथून दादाकडे, आणि त्या निरागसपणे म्हणाल्या, "मग बाईंची नाही केलीत?"

"उद्याच होतेय," दादा म्हणाला.

"नाही."

आई बोलली होती. मोठ्याने नाही, पण त्या व्हरांड्यातल्या आवाजात. आजूबाजूच्या चार-पाच कपबशा थांबल्या.

"याच्याकडे देऊ नका," आई त्या बाईंना म्हणाली. "याला वेळ नाही. सासऱ्यांना वर्षभर ताटकळत ठेवाल. मी सांगते म्हणजे माहिती आहे म्हणून सांगते."

दादाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चाळिशी उलटलेला माणूस, पण वर्गाबाहेर उभं केल्यासारखा दिसत होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

घरी येताना तो वाटभर आईच्या मागे मागे चालत होता. दारापाशी आल्यावर म्हणाला, "आई, उद्या सगळ्यात आधी तुझी कवळी. बाकी सगळं बंद. शब्द देतो."

"देऊ नकोस," आई म्हणाली आणि जिना चढून गेली.

सोमवारी दादाने आईच्या ट्रेला लाल चिमटे लावले, एकदम पाच. ट्रे रिकामा होता. तो रिकामा आहे हे त्याने बघितलं नव्हतं. त्या वेळी मी आणि आई मागच्या गल्लीत होतो, त्याच मापाचा जपून ठेवलेला दुसरा साचा पिशवीत घालून.

नन्नाबाई चष्मा कपाळावर चढवून काहीतरी घासत होत्या. मी साचा पुढे केला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "नाही. यावर मी करणार नाही. माप वर्षाचं जुनं आहे, हिरड्या झिजल्या असतील. डॉक्टरांकडून नवीन घेऊन या."

"माप आणलं तर या आठवड्यात होईल?" मी विचारलं.

"नाही. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गुरुवारी. आधी यायचं नाही, फोनही करायचा नाही."

आई हसायला लागली. हात खालीच होता, तोंड उघडं, सगळ्या हिरड्या दिसत होत्या. नन्नाबाईंना वाटलं आपलं काही चुकलं. "हसायला काय झालं?"

"काही नाही," आई म्हणाली. "बरं वाटलं."

निघताना मी हळूच विचारलं, तुमच्याकडे मेणात दात लावायला कुणी हवं आहे का. "नाही," त्या म्हणाल्या. "दोघींपुरतं काम मी घेत नाही." या नकाराचाही मला राग आला नाही, याचंच नवल वाटलं.

त्या गुरुवारी कवळी तयार होती. घरी आल्यावर आईने बरणी काढली आणि खुर्चीत बसून एकेक दाणा चावायला लागली, सावकाश, दोन्ही बाजूंनी. दादा वर आला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, पण दाणे फुटल्याचा आवाज त्याला जिन्यातच ऐकू आला असावा. तो समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत राहिला, धंद्यातल्या माणसाच्या नजरेने. काम नीट होतं आणि ते त्याला दिसत होतं.

"मागच्या गल्लीत गेलीस," तो म्हणाला. "कवळ्या करणाऱ्याची आई. लोक काय म्हणतील? मी तुला कधी नाही म्हटलं होतं का?"

आईने तोंडातला घास संपवला.

"तेच तर," ती म्हणाली. "तू नाही म्हटलं असतंस, तर मी तेव्हाच तिकडे गेले असते."

खाली फोन वाजायला लागला. दादा उठला, दारापर्यंत गेला आणि तिथेच उभा राहिला. फोन वाजून वाजून बंद झाला. आईने बरणीत हात घातला आणि आणखी दाणे काढून घेतले.